लोकपाल आणि उद्योगांकडून होणारे मानवी हक्कभंग

लोकपाल म्हणजे कारभाराविरुद्धची तक्रार ऐकणारा, चौकशी करणारा, पण सहसा हुकूम न सोडणारा त्रयस्थ अधिकारी. कल्पना स्वीडनची, १८०९ सालची. महाराष्ट्राचा पहिला लोकायुक्त कायदा १९७१चा. मात्र असे बहुतेक लोकपाल सरकारी कारभारापुरतेच पाहतात. खासगी प्रकल्पामुळे कोणाची शेती वा मासेमारी बुडाली, तर दाद मागायची कुठे? काही ठिकाणी हा प्रश्न प्रकल्पाला पैसा पुरवणाऱ्या संस्थांपर्यंत नेण्यात आला.

सरदार सरोवरावरील आंदोलनानंतर जागतिक बँकेने १९९३ मध्ये तपासणी मंडळ नेमले. खासगी कंपन्यांना कर्ज देणारे तिचेच आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ मात्र त्या मंडळाच्या कक्षेत नव्हते. त्यासाठी १९९९ मध्ये ‘अनुपालन सल्लागार लोकपाल’ हे कार्यालय निघाले. ते दोन्ही बाजूंत समेट घडवू पाहते, किंवा महामंडळाने आपलेच पर्यावरणीय व सामाजिक निकष पाळले का, हे तपासते. चौकशी होते ती कर्ज देणाऱ्याची, कंपनीची नव्हे.

कच्छमधील मुंद्र्याजवळ टाटा पॉवरच्या सुमारे ४,००० मेगावॉटच्या कोळसा-वीजप्रकल्पाला महामंडळाने ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. वीज महाराष्ट्रासह पाच राज्यांसाठी होती. तिथल्या बंदरांवर मच्छीमार कुटुंबे हंगामापुरत्या झोपड्या घालून राहतात. त्यांतले ‘पगडिया’ ओहोटीच्या पाण्यात पायी उतरून जाळी लावतात. २०११ मध्ये त्यांच्या संघटनेने महामंडळाच्या या लोकपालाकडे तक्रार केली : प्रकल्पातून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी घटली, वाळत घातलेल्या मासळीवर कोळशाची धूळ बसते. (सुकट वाळवणाऱ्या कोणत्याही कोळीवाड्याला हे नुकसान समजावून सांगावे लागणार नाही.) २०१३च्या अहवालात लोकपालाने महामंडळावर ठपका ठेवला : हंगामी वस्ती करणाऱ्या या कुटुंबांवरील परिणामांकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. महामंडळाने बहुतेक निष्कर्ष अमान्य केले. भरपाई देववण्याचा अधिकार लोकपालाला नव्हताच.

अहवाल हाती घेऊन मच्छीमार २०१५ मध्ये महामंडळाविरुद्ध, त्याचे मुख्यालय असलेल्या अमेरिकेतील न्यायालयात गेले. महामंडळाला खटल्यापासून सरसकट संरक्षण नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी ७ विरुद्ध १ मतांनी दिला. निकाल गाजला, मुंद्र्याच्या पदरात मात्र त्यातून काही पडले नाही. खटला खालच्या न्यायालयात परतल्यावर, तक्रारीचे मूळ अमेरिकेत नसून भारतात आहे म्हणून तो फेटाळला गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो पुन्हा ऐकण्यास नकार दिला.