नव्याने आणलेला कॅटफिश : आजार व आक्रमकता

घरच्या मत्स्यालयात नव्याने सोडलेल्या कॅटफिशला (तोंडाशी मिशा असलेल्या माशाला) पहिल्या काही आठवड्यांत होणारे आजार आणि त्याच काळात दिसणारी त्याची मारकुटी वागणूक. पाळणारे या दोन तक्रारी वेगवेगळ्या मानतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी बहुधा पाणी, जागा आणि उपासमार याच गोष्टी निघतात.

रंगीत माशांचे मोठे घाऊक बाजार कोलकाता, चेन्नई व मुंबईत आहेत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या ग्राहकाच्या हाती येईपर्यंत माशाचा बराच प्रवास पिशवीत झालेला असतो. कॅटफिशपैकी सर्वाधिक खपतात ते तोंडाने काचेला चिकटणारा सकर, तळाशी वावरणारे लहानखुरे कोरिडोरास आणि ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगास. गोदावरीतला शिवडा याच गणातला. त्याचा आकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना पंगास मोकळ्या पाण्यात मीटरभराच्या पुढे वाढतो याचे नवल वाटणार नाही. दोन फुटी टाकीत तो काचेवर धडका मारत राहतो. तो राग नसून घाबरटपणा असतो. सकरही फूटभराहून मोठा होतो. ‘काच साफ करतो, वेगळे खायला लागत नाही’ ही दुकानातली शिफारस निम्म्या दुखण्यांचे कारण आहे.

पिशवीत माशाच्या श्वासाने कर्बवायू साठतो आणि पाणी आम्ल होते. त्यामुळे माशाच्या उत्सर्गातून साचलेला अमोनिया बव्हंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. मराठवाड्यात हा धक्का जास्त बसतो, कारण बेसॉल्टच्या खडकातले बोअरचे पाणी जड आणि बऱ्याचदा अल्कधर्मी असते. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो. म्हणून पिशवी न उघडता १५-२० मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तापमान जुळले की मासा लवकर बाहेर काढावा आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. काढताना जाळी टाळून भांडे वापरावे. कॅटफिश घाबरला की पाठीवरचा व कल्ल्यांमागचा काटा ताठ करून अडकवतो. जाळीत गुंतलेला काटा ओढून काढला तर पर (पोहण्याचा पंख) फाटतो आणि तिथूनच संसर्ग सुरू होतो.

दुसरी अडचण नळाची. कित्येक शहरांत पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी अर्धी टाकी रिकामी करून ताजे क्लोरीनयुक्त पाणी भरण्याची सवय लागलेली असते. क्लोरीनने कल्ले होरपळतात, फिल्टरमधले अमोनिया निकामी करणारे उपयोगी जिवाणूही मरतात. ड्रममध्ये एअर पंपाची नळी सोडून दिवसभर ठेवलेले पाणी बरे. नव्या टाकीत हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर कॅटफिश आणूच नये. पण तोवर थांबणारे थोडेच.

आजारांत पांढरे ठिपके सर्वांत नेहमीचे. अनेक कॅटफिशांचे अंग खवल्यांविना असते, कोरिडोरास व सकर यांच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या असतात. औषध मात्र सगळ्यांनाच लवकर बाधते. मॅलाकाइट ग्रीन किंवा तांबेयुक्त औषधाचा बाटलीवरचा पूर्ण डोस त्यांना धोक्याचा. निम्म्यापासून सुरुवात करतात. पाणी ३० अंशांपर्यंत तापवण्याचा उपाय परभणीच्या जानेवारीत हीटर लावून करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये टाकी आपोआपच तेवढी तापलेली असते आणि कमी पडतो तो प्राणवायू. त्या दिवसांत वीज गेल्यावर बॅटरीवरचा एअर पंप औषधापेक्षा मोलाचा. कोरिडोरास मधूनच वर येऊन हवा गिळतो तो त्याचा स्वभाव आहे. सारखाच वर येऊ लागला तर पाणी तपासावे. तळ घाण असेल तर त्याच्या मिशा झिजून खुंट उरतात.

सकर विकत घेताना तो काचेला चिकटलेला असताना पोटाकडून पाहावा. पोट भरीव किंवा सपाट असले तर ठीक. आत खपाटीला गेलेले आणि डोळे खोल गेलेले असतील तर तो बरेच दिवस उपाशी आहे. असाच उपाशी सकर रात्री गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर खरवडतो. सकाळी गोल्डफिशच्या कुशीवर फिकट चट्टे दिसतात आणि दोष सकरच्या ‘स्वभावा’ला दिला जातो. दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या, वाफवलेली काकडी किंवा दोडक्याची फोड द्यावी. उरलेले सकाळी काढून टाकावे.

खरी भांडणे लपायच्या जागेवरून होतात. टाकीत एकच मडके असेल आणि त्यात जुना सकर असेल, तर नवा आत शिरताच जुना काटे ताठ करून त्याला बाहेर रेटतो. नवा सोडण्याआधी दगड-मडक्यांची मांडणी बदलली की जुन्याची हद्दच पुसली जाते. प्रत्येकाला एक आणि वर एखादी जास्त आडोशाची जागा ठेवावी. कोरिडोरासचे उलटे: तो एकटा पडला की खंगतो, त्याला निदान सहांचा घोळका लागतो. रात्रीतून गप्पीसारखे छोटे मासे नाहीसे होणे याला मात्र आक्रमकता म्हणू नये. तोंडात मावेल ते मोठा कॅटफिश गिळतो.

वेगळ्या टाकीत दोन ते चार आठवडे ठेवण्याने बहुतेक रोग आधीच उघड होतात. टाकीत न मावणारा सकर विहिरीत किंवा धरणात सोडण्याची पद्धत घातक आहे. आंध्र व केरळच्या पाण्यात तो असाच पसरला, तो जाळी फाडतो आणि तळ्याचे काठ पोखरतो. वाढलेला मासा परत घेणार का, हे दुकानदाराला विकत घेतानाच विचारून ठेवावे.