हस्तकंपाचे डिजिटल मापन

हाताच्या अनैच्छिक, तालबद्ध थरथरीचा वेग, विस्तार (हात किती अंतर हलतो) आणि दिवसभरातील चढउतार संवेदक, लेखनफलक (लेखणीने लिहायची डिजिटल पाटी) किंवा कॅमेरा यांच्या साहाय्याने आकड्यांत नोंदवण्याच्या पद्धतींना हस्तकंपाचे डिजिटल मापन म्हणतात. पार्किन्सन आजार (कंपवात), इसेन्शियल ट्रेमर (मुख्यतः काम करताना हात थरथरण्याचा आजार), डिस्टोनिया (स्नायू आपोआप आकसून अवयव पिळवटण्याचा आजार), लहान मेंदूचे विकार अशा हालचालींच्या आजारांत निदानाला आधार देणे, औषधाचा परिणाम पाहणे आणि नव्या उपचारांच्या चाचण्यांत रुग्णांची तुलना करणे यांसाठी त्याचा उपयोग होतो.

कंप कागदावर उतरवण्याचा प्रयत्न संगणकापेक्षा बराच जुना आहे. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावरचा निबंध लिहिला तेव्हा त्यांच्याजवळ फक्त निरीक्षण होते. वर्णन केलेल्या सहा रुग्णांपैकी काही तर त्यांनी रस्त्यावरच पाहिलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांनी नाडीचा आलेख काढणारे यंत्र कंपाकडे वळवले. हात स्वस्थ असताना होणारा कंप आणि हात वस्तूकडे नेताना वाढणारा कंप हे वेगळ्या आजारांचे आहेत, हा भेद त्यांनी ठळकपणे मांडला. आजची सगळी उपकरणे अजूनही याच भेदावर उभी आहेत.

डोळ्यांनी दिलेली श्रेणी

दवाखान्यात कंप सहसा ० ते ४ अशा श्रेणीत मोजतात. पार्किन्सनसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आणि २००८ मध्ये सुधारित रूपात प्रसिद्ध झालेल्या मापनश्रेणीत हाताचा कंप १ सेंमीपर्यंत असेल तर १, तीन सेंमीपर्यंत २, दहा सेंमीपर्यंत ३ आणि त्याहून मोठा असेल तर ४ गुण देतात. अनुभवी डॉक्टरच्या हाती ही पद्धत चांगली चालते, पण तिच्या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. ९ सेंमीचा कंप उपचाराने ४ सेंमीवर आला, तर रुग्णाच्या हातात प्याला धरण्याइतका फरक पडू शकतो. गुण मात्र तीनच राहतात. उलट ३.२ सेंमीचा कंप २.८ सेंमी झाला की एक गुण कमी होतो. श्रेणीतील गुण आणि कंपाचा प्रत्यक्ष विस्तार यांचे नाते लघुगणकी असते, म्हणजे एका गुणाच्या फरकामागे विस्तार कित्येक पटींनी बदललेला असतो. उपकरणाने मोजण्याची खरी गरज या मधल्या जागेत आहे.

काय मोजतात

पहिली राशी वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती आवर्तने. ती हर्ट्झमध्ये सांगतात. पार्किन्सनचा कंप बहुधा ४ ते ६ हर्ट्झचा असतो. तो हात मांडीवर निवांत असताना दिसतो, अंगठा आणि बोटे यांत गोळी वळल्यासारखी हालचाल होते, आणि झोपेत तो थांबतो. इसेन्शियल ट्रेमर ४ ते १२ हर्ट्झचा असून हात समोर धरल्यावर किंवा कामात असताना वाढतो. लहान मेंदूच्या विकारातील कंप ५ हर्ट्झच्या खालचा असतो आणि बोट लक्ष्याजवळ पोहोचताना उसळतो. निरोगी माणसाच्या हातालाही साधारण ८ ते १२ हर्ट्झचा बारीक कंप असतोच. चिंता, थकवा, कॉफी, थायरॉइडचा अतिरेक, दम्यावरचे साल्ब्युटामॉल किंवा लिथियमसारखी औषधे यांनी तो उघड दिसू लागतो.

या पट्ट्या एकमेकांवर चढलेल्या आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. यंत्राने ५.५ हर्ट्झ दाखवले म्हणून पार्किन्सन ठरत नाही. तोच आकडा इसेन्शियल ट्रेमरचाही असू शकतो. एकट्या वारंवारतेवरून आजाराचे नाव सांगणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नये. आकड्याला अर्थ येतो तो हात कोणत्या स्थितीत होता हे सोबत लिहिले तरच. म्हणून चांगल्या चाचणीत तोच हात वेगवेगळ्या स्थितींत मोजतात: मांडीवर सैल, समोर ताणलेला, बोट नाकाकडून लक्ष्याकडे जाताना, आणि कधी मनगटाला वजन बांधून. वजन बांधल्यावर निरोगी हाताच्या कंपाचा यांत्रिक भाग मंदावतो, कारण तो हाताच्या वस्तुमानावर अवलंबून असतो. मेंदूतल्या जाळ्यातून येणारा ताल मात्र फारसा हलत नाही. विश्रांतीतला कंप मोजताना रुग्णाला शंभरातून उलटी वजाबाकी करायला सांगतात. मन गुंतले की पार्किन्सनचा दबलेला कंप वर येतो. हात समोर धरल्यावर हा कंप काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होणे हीही त्याची ओळख आहे, म्हणून नोंद पहिल्या दोन-तीन सेकंदांत बंद करणे चुकीचे.

मानसिक कारणातून आलेल्या कंपात मापन विशेष बोलके ठरते. दुसऱ्या हाताने ठरावीक तालात टिचक्या मारायला सांगितल्या तर अशा कंपाची वारंवारता त्या तालाकडे ओढली जाते किंवा विस्कळीत होते. असे रुग्ण नाटक करत नसतात. त्यांचा त्रास खरा असतो, आणि आलेख दाखवून हे समजावता आले तर उपचाराची सुरुवात सोपी होते.

उपकरणे

सर्वांत प्रचलित संवेदक म्हणजे त्वरणमापक. मोबाइल आणि मनगटी घड्याळात तो सिलिकॉनच्या सूक्ष्म चकतीच्या रूपात बसवलेला असतो. तो विस्थापन मोजत नाही, त्वरण मोजतो. विस्थापन गणिताने काढावे लागते. तालबद्ध हालचालीत त्वरण हे विस्थापन गुणिले (२π × वारंवारता) चा वर्ग इतके असते. ५ हर्ट्झला मध्यापासून १ सेंमी हलणाऱ्या हाताचे कमाल त्वरण त्यामुळे सुमारे ९.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळपास गुरुत्वीय त्वरणाइतके भरते. हेच विस्थापन १० हर्ट्झला असेल तर त्वरण चौपट होते. म्हणून दोन रुग्णांचे त्वरणाचे आकडे तसेच्या तसे शेजारी ठेवले तर जलद कंप असलेला रुग्ण उगाच जास्त आजारी दिसतो.

दुसरी अडचण गुरुत्वाकर्षणाची. हात नुसता कलला तरी त्वरणमापकाला गुरुत्वाचा वेगळा हिस्सा जाणवतो. आडवा धरलेला हात सहा अंशांनी तिरपा झाला की बोटांच्या दिशेने सुमारे एक-दशांश गुरुत्व दिसू लागते, आणि ५ हर्ट्झच्या १ मिलिमीटर कंपाचे त्वरणही तेवढेच असते. मनगटाचा कंप बहुतेक वेळा फिरण्याचाच असल्याने ही चूक किरकोळ नाही. कोनीय वेग मोजणाऱ्या जायरोस्कोपवर गुरुत्वाचा परिणाम होत नाही, म्हणून नव्या उपकरणांत दोन्ही संवेदक जोडीने असतात. मोबाइल हातात धरून मोजताना आणखी एक गोष्ट घडते: फोनचे वजन आणि पकड यांनी कंप स्वतःच बदलतो. हाताच्या पाठीवर चिकटवलेला हलका संवेदक त्यापेक्षा बरा.

संवेदकाची नोंद फूरिए रूपांतराने, म्हणजे तिच्यातील वेगवेगळे ताल सुटे करणाऱ्या गणिती पद्धतीने, वारंवारतेच्या आलेखात बदलतात. कंप असेल तर तिथे टोकदार शिखर दिसते. दहा सेकंदांच्या नोंदीत ०.१ हर्ट्झपर्यंतचा भेद कळतो, दोन सेकंदांच्या नोंदीत केवळ ०.५ पर्यंत. सेकंदाला किमान २४ पेक्षा जास्त नमुने घेतल्याशिवाय १२ हर्ट्झचा कंप पकडता येत नाही. व्यवहारात ५० ते १०० घेतात. साध्या कॅमेऱ्याच्या सेकंदाला ३० चित्रांवरून तत्त्वतः १५ हर्ट्झपर्यंतच पोहोचता येते. तरी कॅमेऱ्याचा मोठा गुण असा की हाताला काही बांधावे लागत नाही.

लेखनफलकावर मळसूत्रासारखी वर्तुळे काढायला लावण्याची चाचणी मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण तीत कंप थेट कामाशी भिडतो. संगणक ती आकृती उलगडून केंद्रापासूनचे अंतर आणि कोन यांचा आलेख काढतो. निरोगी हाताची रेषा जवळपास सरळ चढते, कंपाने तिच्यावर दाते उमटतात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हे दाते अनेकदा एकाच दिशेच्या अक्षावर मोठे दिसतात. पार्किन्सनमध्ये वळणे जवळजवळ आणि आकृती लहान होते. लेखणीचा दाब आणि वेगही सोबत नोंदला जातो. केंद्रित अल्ट्रासाऊंडने कंपावर उपचार करताना रुग्णाला मध्येमध्ये हीच आकृती काढायला सांगून परिणाम तपासतात.

स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून घेतलेला ईएमजी आलेख हालचाल नव्हे, तर स्नायूंना मिळणारे आदेश दाखवतो. विरुद्ध स्नायू एकाच वेळी आकसतात की आळीपाळीने, हे त्यावरून कळते.

घरातील दीर्घ मापन

डॉक्टरसमोर बसल्यावर कंप वाढतो, आणि औषध नुकतेच घेतले असेल तर कमी दिसतो. लेव्होडोपा हे पार्किन्सनवरचे औषध घेणाऱ्या रुग्णाची अवस्था तासातासाला बदलते, त्यामुळे दहा मिनिटांच्या तपासणीतून त्याचा दिवस कळत नाही. याच कारणाने मनगटी उपकरणांचे महत्त्व वाढले. २०१५ मध्ये अमेरिकेत ‘एमपॉवर’ हा पार्किन्सनचा अभ्यास आयफोनवरून सुरू झाला. ॲपल वॉचने टिपलेला विश्रांतीतला कंप आणि औषधाने होणाऱ्या अतिरिक्त हालचाली यांची पडताळणी करणारा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाच्या वेळा आणि कंपाचा आलेख एकाखाली एक ठेवले की कोणता डोस लवकर ओसरतो हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही दिसते.

घरात मात्र खोट्या नोंदी होतात. दात घासण्याची लय पार्किन्सनच्या पट्टीतच येते. वाहनाचे हादरेही तिथे घुसतात. कंपाचा विस्तार मुळातच दिवसेंदिवस इतका बदलतो की एका मोजणीतील घट औषधाची आहे की नेहमीच्या चढउताराची, हे सांगता येत नाही. वारंवारता त्या मानाने स्थिर असते. विस्तारासाठी अनेक दिवसांची सरासरी लागते. शिवाय पार्किन्सनच्या प्रत्येक रुग्णाला कंप नसतो. निदानाचा गाभा हालचालींचा मंदपणा हा आहे. घड्याळाने कंप नाही असे सांगितले म्हणून हात आखडल्याची, अक्षर लहान झाल्याची तक्रार बाजूला सारू नये.

मोजमाप काही उपचारांचाच भाग झाले आहे. इसेन्शियल ट्रेमरसाठी मनगटावर बांधायच्या एका उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. ते आधी त्या व्यक्तीच्या कंपाची वारंवारता मोजते आणि मग मनगटातील दोन चेतांना त्या वारंवारतेशी जुळवलेले सौम्य विद्युत स्पंद देते.