हौशी रेडिओ : संच आणि अँटेनांची निवड

हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ म्हणजे परवानाधारक व्यक्तीने आवडीसाठी, प्रयोगांसाठी आणि आपत्तीच्या काळात लोकांच्या मदतीसाठी चालवलेले बिनतारी केंद्र. या छंदात शिरणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘कोणता संच घेऊ?’ खरे तर संचाचा विचार सर्वांत शेवटी करावा. बोलायचे कोणाशी, ते किती लांब आहेत आणि मध्ये डोंगर आहे की सपाटी, यावरून वारंवारतेचा पट्टा ठरतो. पट्ट्यावरून अँटेना ठरते आणि तिला साजेसा संच मग पाहता येतो. हाताशी पैसे मोजकेच असतील, तर ते आधी तार, चांगली केबल आणि उंची यांवर खर्च करावेत.

परवाना

भारतात हौशी केंद्राचा परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा देते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. किमान वय १२ वर्षे. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही, ‘जनरल’ श्रेणीला लागते. पहिल्या श्रेणीची कॉल साइन, म्हणजे केंद्राचे ओळखचिन्ह, व्हीयू३ने, तर दुसरीची व्हीयू२ने सुरू होते. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून हातसंच आधी मागवून ठेवायचा आणि परवान्याचे नंतर पाहायचे, हा उद्योग करू नये. नुसता संच बाळगण्यालाही कायदा लागू होतो. ट्रेकमध्ये आपसांत बोलण्यापुरती गरज असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त वॉकीटॉकी परवान्याविना वापरता येतात. त्यांचा पल्ला थोडा असतो आणि तेवढ्या कामाला तो पुरतो.

जवळचे अंतर : दोन मीटरचा पट्टा

१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला तरंगलांबीवरून हॅम मंडळी ‘टू मीटर’ म्हणतात. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे येथे शक्तीपेक्षा उंची महत्त्वाची. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले, की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटर उंचीवर हातसंच धरून उभ्या असलेल्या माणसासाठी ते सुमारे ५ किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल, तर मोकळ्या माळावर दोघांचे मिळून १० किलोमीटर. शहरातल्या इमारतींत यातले कितीतरी कमी हाती लागते. तोच हातसंच भोवतालच्या पठारापासून ७५० मीटर उंच असलेल्या गडाच्या माथ्यावर नेला, तर क्षितिज ११० किलोमीटरांच्या पलीकडे सरकते. सिंहगडावर दूरचित्रवाणीचा मनोरा उभारला तो याच कारणासाठी, आणि हौशी मंडळींचे रिपीटर उंच जागा शोधतात तेही याचसाठी. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि तेच दुसरीवर मोठ्या शक्तीने पुन्हा पाठवतो. आपत्तीचा विचार करणाऱ्याने मात्र रिपीटरची वीज गेली तर तो किती तास चालेल, हे आधीच विचारून ठेवावे, आणि गटातल्या सर्वांनी एक ‘सिम्प्लेक्स’ वारंवारता, म्हणजे रिपीटरविना थेट बोलण्याची, ठरवून ठेवावी.

हातसंचाबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना ही सोयीसाठी केलेली तडजोड आहे. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटर. रबरी अँटेना त्याच्या निम्मीही नसते. तिच्या जागी पाव लांबीची लवचीक काडी लावली, की फरक कानाला कळतो. आणखी एक जवळजवळ फुकटचा उपाय आहे. ४९ सेंटिमीटर लवचीक वायरचे एक टोक अँटेना कनेक्टरच्या बाहेरच्या, म्हणजे अर्थच्या भागाला जोडायचे आणि उरलेली वायर खाली लोंबू द्यायची. हातसंचाच्या अँटेनाला खालची बाजू नीट मिळत नसते, ती हिच्यामुळे मिळते. याला ‘टायगर टेल’ म्हणतात. घरासाठी गच्चीवर उभी जे-पोल किंवा स्लिम जिम अँटेना पुरते. एकाच दिशेला जोर हवा असेल तर यागी, म्हणजे एका दांडीवर ओळीने काड्या बसवलेली अँटेना. पोलादी मोजपट्टीची पाती कापून पीव्हीसी पाइपावर बसवलेली यागी हौशी लोक घरीच करतात. ती दुमडून पाठीवरच्या पिशवीत मावते आणि उपग्रहांचे संदेश पकडायलाही चालते. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ने सोडलेल्या हॅमसॅट या भारतीय हौशी उपग्रहावर अशाच साध्या साधनांनी अनेकांनी संभाषणे केली.

केबल

केबलकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बारीक आरजी-५८ केबल ३० मीटर वापरली, तर १४५ मेगाहर्ट्झला जवळपास ६ डेसिबल वाटेतच जातात. म्हणजे गच्चीवर पोचेपर्यंत ५ वॅटचे सव्वा वॅट होतात, आणि ऐकू येणारा संदेशही तेवढाच क्षीण होऊन खाली येतो. जाड आरजी-२१३मध्ये हे नुकसान निम्म्यावर येते, एलएमआर-४००मध्ये त्याहून कमी. कमी वारंवारतेच्या पट्ट्यांवर, उदाहरणार्थ ७ मेगाहर्ट्झला, आरजी-५८ही बिनदिक्कत वापरावी. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा आकडाही (१ म्हणजे काहीच परत नाही) या बाबतीत फसवतो. केबल लांब आणि वाया घालवणारी असेल, तर अँटेनाकडून परतणारी शक्ती वाटेत जिरते आणि संचाजवळ आकडा १.२ असा छान दिसतो. म्हणून मोजणी शक्यतो अँटेनाच्या बुडाशी करावी. नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारे स्वस्त उपकरण मिळू लागल्यापासून हे काम कोणालाही जमते. एसडब्ल्यूआर २ असला तरी परतणारी शक्ती ११ टक्केच असते, १.१ गाठण्यासाठी आठवडे घालवण्यापेक्षा अँटेना दोन मीटर वर चढवावी.

मधले अंतर : सह्याद्रीच्या पलीकडे

महाराष्ट्रात आपत्कालीन संपर्काचा खरा कस लागतो तो ५० ते ४०० किलोमीटरांच्या टप्प्यात. चिपळूण आणि सातारा यांच्यात सरळ रेषेत ५५ किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे, पण मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. दोन मीटरचा संच खालून ती ओलांडू शकत नाही, आणि लघुलहरींच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झ) जमिनीलगत जाणाऱ्या लहरीही एवढ्या डोंगराळ वाटेत विरतात. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले, तेव्हा ही अडचण काय असते ते सर्वांनी पाहिले.

यावरचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर आडवी डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन तारांची अँटेना, मुद्दाम कमी उंचीवर बांधायची. तिची शक्ती जवळजवळ सरळ वर जाते, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत फिरते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी चहूबाजूंना खाली उतरते. डोंगर वाटेत येतच नाही. या पद्धतीला ‘एनव्हीआयएस’ म्हणतात. दूर देशांशी बोलण्यासाठी अँटेना उंच हवी, हा नियम येथे उलटा होतो: ६ ते १० मीटर उंची उत्तम, तीन-चार मीटरवरही काम भागते. दिवसा ४० मीटरचा पट्टा चालतो. रात्री आयनांबर विरळ होऊन जवळची केंद्रे गायब झाली, की ३.५ मेगाहर्ट्झच्या ८० मीटर पट्ट्यावर उतरावे.

अशी डायपोल बांधायला तास-दीड तास पुरतो. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले, की अर्ध्या तरंगलांबीची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती सुमारे २० मीटर येते, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर साधी घरगुती वायर. तारा सुरुवातीला हातभर जास्त ठेवाव्यात आणि मोजत मोजत दुमडत जावे. कापलेली तार परत वाढत नाही. मधला बिंदू बांबूवर किंवा आंब्याच्या फांदीवर सात मीटरवर चढवला आणि टोके नायलॉनच्या दोरीने उतरती ताणली, की ‘इन्व्हर्टेड व्ही’ तयार. टोकांवर प्रक्षेपणाच्या वेळी मोठा विद्युतदाब असतो, म्हणून ती माणसांच्या आणि गुरांच्या हाताला-शिंगाला लागणार नाहीत इतकी उंच ठेवावीत. वीजवाहिन्यांच्या आसपास तर तार टाकूच नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी केंद्रचालकांनी संपर्काचे काम केले, पुढे २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीतही. किल्लारीहून पुणे तीनशे किलोमीटरांच्या आत, मुंबई चारशेच्या जवळपास: दोन्ही ठिकाणे नेमकी या टप्प्यात बसतात. आशिया-प्रशांत विभागात आपत्कालीन संदेशांसाठी ७.११० मेगाहर्ट्झ ही मध्यवर्ती वारंवारता मानली जाते. तिच्या आसपास कोणाचे काम चालू आहे का, हे बोलण्यापूर्वी शांतपणे ऐकावे.

संच आणि बॅटरी

लघुलहरींचा नेहमीचा संच १०० वॅटचा असतो. १० वॅटच्या संचाहून तो १० डेसिबलने वरचढ, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मीटरवर दोन एस-एककांहूनही (संदेशाचा जोर मोजण्याची एकके) कमी फरक. बॅटरीवर मात्र हा फरक प्रचंड पडतो. १०० वॅटचा संच बोलताना १३.८ व्होल्टला २० अँपिअरपर्यंत खेचतो. संगणकाच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी त्या ओढीने लगेच मान टाकते. १० वॅटचा संच बोलताना दोन-अडीच अँपिअर आणि ऐकताना त्याच्या लहानशा अंशावर भागवतो. हीच छोटी बॅटरी निम्मीच वापरली तरी बेताने बोलणाऱ्याला चार-पाच तास पुरते. म्हणून घरच्या टेबलावर १०० वॅटचा संच जरूर असावा, पण आपत्तीच्या पिशवीत लहान संचच घ्यावा.

लहान संचांच्या बाबतीत हैदराबादच्या अश्हर फरहान (व्हीयू२ईएसई) यांच्या बिटेक्स या रचनेचा उल्लेख अटळ आहे. तार गुंडाळायची परदेशी फेराइट (चुंबकीय) कडी मिळत नाहीत म्हणून त्यांनी मूळ रचनेत गुंडाळ्यांसाठी नळाचे वॉशर वापरले. बाजारात मिळतील त्याच भागांतून सिंगल साइडबँड (लघुलहरींवर आवाज पाठवण्याची नेहमीची पद्धत) संच घरी बांधता येतो, हे या रचनेने भारतातच काय, जगभर दाखवून दिले. स्वतः बांधलेला संच पुरात बंद पडला, तर तो उघडून पाहण्याची हिंमत मालकाला असते.

संच निवडताना ऐकण्याची बाजू आधी तपासावी. शहरात एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांचा गोंगाट इतका असतो की दूरचे केंद्र त्यात बुडून जाते. अशा वेळी जास्त वॅट काही कामाचे नसतात. चांगला फिल्टर आणि घराच्या भिंतींपासून दूर नेलेली तार कामाला येते. एफटी८ ही अंकीय पद्धत अशा गोंगाटातूनही क्षीण संदेश काढते आणि छंद म्हणून रंगतदार आहे, पण तिच्यात मोकळा मजकूर एका वेळी फक्त १३ अक्षरांचा जातो. जखमींची यादी पाठवायला आवाज, मोर्स किंवा जेएस८कॉलसारखी लांब मजकूर पाठवणारी अंकीय पद्धत हवी.

पावसाळा

कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस अँटेनाचे सांधे खातो. केबलच्या बाहेरच्या जाळीत एकदा पाणी शिरले, की ती केशाकर्षणाने आतवर ओली होते, तांबे काळे पडते आणि मग केबल बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. सांध्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप गुंडाळावी. खाली येणाऱ्या केबलला घरात शिरण्यापूर्वी एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. मे-जून आणि ऑक्टोबरच्या वळिवांत गडगडाट ऐकू आल्यावर नव्हे, तर आभाळ भरून येतानाच केबल संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. बाहेरच्या खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि ते घराच्या विजेच्या अर्थिंगशी जाड तारेने जोडावे.