ऊस पिवळा पडला की नत्रच कमी, असं नाही

ऊस पिवळा दिसला की युरिया टाका, हा सल्ला वाळवा-मिरजेकडे वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धवट आहे. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर तो बहुधा केवडा, म्हणजे लोहाची उपासमार. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. युरियाने हा केवडा जात नाही.

मुळांना उचलता येणारं लोह मातीत आहे का, हे सांगायला जिवाणू उपयोगी पडू शकतात, कारण त्यांनाही लोहाची उपासमार कळते. लोह घटलं की ‘फर’ हे प्रथिन त्यांच्या डीएनएवरून सुटतं आणि लोह ओढणारी जनुकं चालू होतात. ही जनुकं चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या त्याच तुकड्याला चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडलं की उपाशी जिवाणू हिरवा उजळतो. तो एकूण लोह नव्हे, उचलता येणारं लोह सांगतो. मला हेच मोलाचं वाटतं. अशा जिवाणूंचं काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतलं आहे. तोवर माती तपासताना सूक्ष्म अन्नद्रव्यंही आवर्जून तपासून घ्या.