आघाताची व्याख्या आणि भरपाईची फाईल

आघातोत्तर तणाव विकाराला (पीटीएसडी) निदान म्हणून मान्यता मिळाली ती १९८० साली अमेरिकेत, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. ते पुन्हा उगाळत नाही. त्याआधीची वर्षं मात्र सहसा दोन वाक्यांत उरकली जातात आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे. आघाताबद्दलचे कितीतरी शब्द भरपाईच्या दाव्यांतून आले आहेत. पैसे कुणी द्यायचे, या वादाच्या खुणा त्यांच्यावर अजून दिसतात.

१८६०च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वे अपघातातून धडधाकट बाहेर आलेले प्रवासी महिन्याभराने झोप उडाल्याची, हात थरथरत असल्याची तक्रार घेऊन कोर्टात जाऊ लागले. मणक्याला अदृश्य इजा झाली आहे की माणूस सोंग करतो आहे, यावर दोन्हीकडचे डॉक्टर भांडत. पहिल्या महायुद्धात तोच वाद खंदकात पोचला. तोफगोळ्याच्या धक्क्याचं ‘शेल शॉक’ हे प्रसिद्ध नाव १९१५ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं; १९१७ पर्यंत ब्रिटिश सैन्याने आघाडीवर ते वापरायला बंदी घातली आणि कागदावर ‘अजून निदान नाही, मज्जाविषयक’ असं लिहायला सांगितलं. नाव दिलं की जखम मान्य केल्यासारखं होतं आणि मग निवृत्तिवेतनही आलंच. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली त्याच सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं.

जर्मनीत तर हा संशय नियमातच बसवला गेला. १९२६ साली तिथल्या विमा लवादाने ठरवलं, की अपघातानंतरचा मानसिक आजार भरपाईला पात्र नाही, कारण भरपाईची आशा हेच त्या आजाराचं कारण आहे. निरोगी माणूस कसल्याही प्रसंगातून काही काळाने सावरतोच. जो सावरत नाही त्याची मूळचीच खोड, असं तिथल्या मानसोपचाराचं मत होतं.

हे मत १९४५ नंतरही टिकलं. पश्चिम जर्मनीने १९५३ मध्ये आणि मग १९५६ मध्ये नाझी छळातून वाचलेल्यांसाठी भरपाईचे कायदे केले. आरोग्याच्या हानीबद्दल मासिक रक्कम हवी असेल तर कमाईची क्षमता किमान २५ टक्के घटली आहे आणि ती छळामुळेच घटली आहे, हे दाखवावं लागे. म्हणजे छळछावणीतून आलेल्या माणसाने न्यूयॉर्क किंवा तेल अवीवमध्ये दाव्याच्या तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरसमोर बसायचं आणि सगळं पुन्हा सांगायचं. डॉक्टर विचारणार, १९४६ साली निद्रानाशासाठी कुणाला दाखवलं होतं? चिठ्ठी आहे का? मधल्या वर्षांत त्याने निर्वासितांच्या छावणीत दिवस काढलेले, परदेशाचा परवाना नाकारला जाऊ नये म्हणून आजार लपवलेले, मग लग्न, मूल, दुकान. आठ-दहा वर्षांनी, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, रात्रीची किंकाळी सुरू झाली. तज्ज्ञांच्या भाषेत अशा वेळी ‘पुलाची लक्षणं’ लागत, छळ आणि आजच्या तक्रारी यांना जोडणारी. पूल नसला की दावा कोसळे आणि शेऱ्यात लिहिलं जाई: उपजत प्रकृतिदोष.

१९६३ साली एका मनोविश्लेषकाने यावर लेख लिहिला. त्याचं शीर्षकच प्रश्न होतं: आपली किती मुलं मारली गेल्यावरही माणसाने लक्षणांशिवाय राहिलं म्हणजे त्याची प्रकृती सामान्य धरायची? या वादातलं इतकं धारदार वाक्य मला दुसरं सापडलेलं नाही. दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, कायदा बदलला. छळछावणीत किमान वर्षभर काढलं असेल आणि क्षमता २५ टक्के घटलेली असेल, तर ती छळामुळेच घटली असं धरून चालायचं ठरलं. वर्षाहून कमी काळ काढलेल्यांच्या वाट्याला पुराव्याची वणवण राहिलीच.

‘वाचल्याचा अपराधभाव’, म्हणजे बाकीचे गेले आणि आपण उरलो याची टोचणी, ही आज सर्रास वापरली जाणारी कल्पनाही याच फायलींतून पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये अशा दावेदारांना तपासणाऱ्या एका डॉक्टरने १९६०च्या दशकात ती मांडली.

मराठीत आपण याला ‘धक्का’ म्हणतो तेव्हा थोडी फसगत होते. धक्का बसतो आणि ओसरतो. ‘आघात’ त्यातल्या त्यात बरा, पण तोही एका घावाचाच शब्द आहे. १९८० च्या व्याख्येतही हीच अडचण होती. घटना ‘नेहमीच्या मानवी अनुभवाच्या बाहेरची’ असावी, अशी तिची अट. ज्या बाईला घरात रोज मार बसतो तिचं काय? तिच्यासाठी तो अनुभव नेहमीचाच. ही अट १९९४ मध्ये वगळली गेली. प्रदीर्घ छळाचा परिणाम निराळा असतो, माणसाचा स्वतःवरचा आणि इतरांवरचा विश्वासच खचतो, हे १९९२ मध्ये स्पष्टपणे मांडलं गेलं; ‘गुंतागुंतीचा’ प्रकार म्हणून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत लागू व्हायला २०२२ उजाडलं. अमेरिकी यादीत तो स्वतंत्रपणे अजूनही नाही.

आघात पुढच्या पिढीत उतरतो का, हा प्रश्न १९६०च्या दशकातच नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांवरून निघाला होता. अलीकडे त्याला जनुकांची जोड देण्याची हौस दिसते. बहुचर्चित अभ्यासात ३२ वाचलेले आणि त्यांची २२ मुलं होती. एवढ्यावरून ‘आघात रक्तातून उतरतो’ म्हणणं घाईचं आहे. घरातली गप्पगप्प जेवणं, दार वाजलं की दचकणारी आई, हेही वारशानेच मिळतं आणि त्याला जनुक लागत नाही.

संस्कृतीच्या हानीचा मुद्दा खऱ्या अर्थाने पुढे आला तो उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींकडून, १९९०च्या दशकात, ‘ऐतिहासिक आघात’ या नावाने. कॅनडातल्या निवासी शाळांमध्ये दीड लाखाहून जास्त मुलं घरापासून तोडून ठेवली गेली आणि आपली भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. माजी विद्यार्थ्यांशी झालेल्या आणि २००७ मध्ये लागू झालेल्या तडजोडीत शाळेच्या पहिल्या वर्षाला १०,००० कॅनेडियन डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३,००० ठरले. अत्याचारांसाठी वेगळा तक्ता, कृत्यागणिक आणि परिणामागणिक गुण. हजेरीचे जुने पट गहाळ असल्याने कित्येकांची वर्षं नाकारली गेली. पुलाची लक्षणं मागणाऱ्या त्या डॉक्टरची आठवण इथे होतेच. आजीशी बोलता न येणं मात्र त्या गुणांच्या तक्त्यात कुठेच बसत नव्हतं.

जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी वेगळी तडजोड जाहीर झाली: २८० कोटी डॉलर. भाषा आणि संस्कृतीच्या सामूहिक हानीबद्दलचा हा दावा व्यक्तींऐवजी ३२५ आदिवासी समुदायांच्या नावावर होता. रक्कम सरकारपासून स्वतंत्र असलेल्या न्यासाकडे सोपवायची ठरली, आणि तिच्यासाठी कुणाला डॉक्टरचा दाखला जोडावा लागला नाही.