पारा, सेलेनियम आणि भोईपुऱ्यातली मरळ

नागपूरच्या भोईपुऱ्यात, मासळीबाजारात, मरळ घमेल्यात जिवंत वळवळत असते. परवा शेजारच्या बाईंनी ती घेताना विचारलं, "कन्हानची तर नाही ना भाऊ?" कन्हान नदीबद्दलच्या या प्रश्नामागे कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांची राख आहे. दगडी कोळशात पारा असतो. तो जळला की पारा धुरात जातो, थोडा राखेत उरतो. जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हापासून ही धास्ती जास्तच. पाण्यातले जीवाणू पाऱ्याचा मिथिल पारा करतात आणि बारीक मासे खाणाऱ्या मरळीसारख्या माशांत तो साठत जातो.

अशा वेळी कुणीतरी सांगतंच, "सेलेनियमच्या गोळ्या घ्या, पारा उतरतो." हा समज कुठून आला?

1817 मध्ये बर्झेलियसला सापडलेलं सेलेनियम हे मूलद्रव्य कितीतरी वर्षं विष म्हणूनच ओळखलं जाई. शरीराला ते लागतं, हे 1957 मध्ये श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनी उंदरांवर दाखवलं. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये मिथिल पारा साठलेले मासे खाऊन होणारा मिनामाताचा आजार उघड झाला होता. 1967 मध्ये पारिझेक आणि ओश्तादालोवा या चेक संशोधकांना दिसलं, की पाऱ्याच्या क्षारासोबत सेलेनियम दिलं तर उंदरांची मूत्रपिंडं वाचतात. 1972 मध्ये गँथर यांच्या गटाला ट्यूना मासा खाल्लेल्या लावा पक्ष्यांत मिथिल पाऱ्याचा त्रास कमी आढळला.

पुढे खरा उलगडा झाला. पारा सेलेनियमला घट्ट धरतो आणि मेंदूतली सेलेनियमवर चालणारी विकरं (एन्झाइम) अडवतो. म्हणजे पाऱ्याच्या घातकपणाचा एक भाग ही सेलेनियमची लूटच आहे. अणूंच्या हिशेबात 1 मायक्रोग्रॅम सेलेनियम सुमारे अडीच मायक्रोग्रॅम पाऱ्याच्या तोडीचं.

पण फेरो बेटांवर देवमाशाचं मांस खाणाऱ्या आयांच्या शरीरात सेलेनियम भरपूर होतं, तरी मुलांवरचा पाऱ्याचा परिणाम त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. म्हणून "गोळी घ्या" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. प्रौढाला दिवसाला 40 मायक्रोग्रॅम पुरतं. 400 च्या वर रोज जात राहिलं तर केस गळू शकतात, नखं ठिसूळ होऊ शकतात. 2025 च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यात लोकांचे केस झडले, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडेच बोट दाखवलं होतं.

कन्हानची मरळ तपासायचीच असेल, तर पारा आणि सेलेनियम दोन्ही एकाच नमुन्यात मोजा, आणि आकडे भोईपुऱ्यात मराठीत लावा.