रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातून

‘दुधाचेच तर दात, पडणारच आहेत,’ असं घरातली मोठी माणसं सहज म्हणून जातात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

दुधाच्या दातांवरचं एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, पक्क्या दातांच्या जवळपास निम्म्याच जाडीचं असतं, म्हणून कीड आत लवकर पोचते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. दिवसा लाळ हे आम्ल अर्ध्या-एक तासात निवळवते, पण झोपेत लाळ फार कमी सुटते. त्यामुळे गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे चार दात आधी किडतात. खालचे दात जिभेच्या आडोशाने वाचतात. साखरेऐवजी गूळ घातला तरी जिवाणूंना तो तितकाच चालतो. एखाद्या दिवशी एकदाच ब्रश करणं जमणार असेल, तर तो रात्रीच करा, आणि त्यानंतर फक्त पाणी द्या.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो. त्याच दिवसापासून मऊ केसांचा छोटा ब्रश हवा. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी घ्या. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर नको. नळीवरचं कार्टून पाहू नका, मागचा मजकूर वाचा. किडीपासून दात वाचवणारं फ्लोराइड 1000 पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) असावं. मुलांच्या काही पेस्टमध्ये ते निम्मंच असतं किंवा नसतंच. दाण्याएवढी पेस्ट गिळली तरी पोटात जेमतेम 0.1 मिलिग्रॅम फ्लोराइड जातं. पुण्यात खडकवासला धरणाचं पाणी पिणाऱ्यांना याची चिंता नको. उपनगरातल्या सोसायटीत बोअरचं पाणी पीत असाल, तर त्यात फ्लोराइड जास्त असू शकतं, ते मात्र एकदा तपासून घ्या. आजीची मिशरी मुलाच्या हिरड्यांना कधीच लावू नका, ती भाजलेली तंबाखू आहे.

मुलाला आडवं करून त्याचं डोकं मांडीवर घ्या. असं मागून पाहिलं की सगळे दात दिसतात. बोटाने ओठ उचला, ब्रश हिरडीकडे तिरका धरा आणि छोटे गोल फिरवा. दाढांच्या खाचांवर ब्रश मागेपुढे घासा. दोन मिनिटं पुरतात. शेवटी मुलाला फेस थुंकू द्या, पण चूळ भरायला लावू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्यांनीच करायचं, कारण तोवर मुलाचं मनगट तेवढं वळत नाही. त्याला हौस असेल तर आधी त्याला घासू द्या, मग तुम्ही घासा.

ओठ उचलल्यावर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर फ्लोराइडने दात सावरू शकतो, म्हणून लगेच दंतवैद्यांना दाखवा. तपकिरी खड्डा पडल्यावर तो भरावाच लागतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, कुठलाही दात न पडता, पहिली पक्की दाढ येते. ती दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते. सुरुवातीला ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते आणि सरळ घासताना ब्रश तिच्यावरून निघून जातो. तिथे ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालूनच घासावं लागतं.